अध्यापक, संपादक, व्यवस्थापक : आचार्य बाळशास्त्री जांभेकर

मराठी वृत्तपत्रसृष्टीचे जनक ही बाळशास्त्री जांभेकर यांची सर्वपरिचित ओळख होय. ६ जानेवारी हा ‘दर्पण’च्या पहिल्या अंकाचा दिवस महाराष्ट्रात पत्रकार दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी त्यांच्या प्रतिमेला हार घातला जातो आणि त्यांच्या कार्याचा गौरव होतो. हा गौरव यथार्थ असला तरी तो अपुरा आहे. बाळशास्त्रींनी उपजीविकेसाठी वृत्तपत्र चालविले नाही. त्यांचा व्यवसाय शिक्षकाचा होता. त्यांच्या दिवसाचा मोठा भाग शिक्षणसंस्थेच्या कारभारात जाई, आणि त्यातून उरलेल्या वेळात ते लेखन, संपादन व संशोधन करीत. आज आपल्या विद्यापीठांत वृत्तपत्रविद्या, व्यवस्थापनशास्त्र आणि अध्यापनशास्त्र हे तीन स्वतंत्र विभाग असतात आणि एका विभागाच्या प्राध्यापकाची दुसऱ्याशी क्वचितच गाठ पडते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही तिन्ही कामे एका माणसाने अवघ्या सोळा वर्षांत केली. ती त्याला वेगवेगळी वाटलीच नाहीत. आपल्या वाचनालयाच्या शताब्दीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांचे स्मरण करावयाचे ते याच दृष्टीने.

बाळशास्त्रींचा जन्म १८१२ साली कोकणात पोंभुर्ले या गावी झाला. हे गाव आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगड तालुक्यात येते. वडील गंगाधरशास्त्री हे व्युत्पन्न ब्राह्मण. पुराण सांगणे हा त्यांचा व्यवसाय. मातोश्रींचे नाव सगुणाबाई. मराठीचे वाचन, मोडी, हिशेब आणि संस्कृताचे प्राथमिक अध्ययन घरीच झाले. त्यांच्या वयाच्या सहाव्या वर्षी, १८१८ साली, पेशवाईचा अस्त झाला होता. वेदशास्त्रसंपन्न घराण्यातील मुलाचा पूर्वीचा ठरलेला मार्ग पुण्याकडे जात असे. नव्या काळात तो मुंबईकडे वळला. पुराणिकाच्या घरात वाढलेल्या या मुलाला एक गोष्ट मात्र परंपरेनेच लाभली होती. ग्रंथातील अर्थ सोपा करून श्रोत्यांपुढे मांडणे हे पुराणिकाचे काम. पुढे बाळशास्त्रींनी जन्मभर तेच केले. ग्रंथ बदलले, श्रोते बदलले, आणि देवळाच्या सभामंडपाची जागा छापील पानाने घेतली.

१८२५ च्या सुमारास ते मुंबईस आले. त्या वेळी तेथे शिक्षणाची एक नवी घडी बसत होती. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या प्रोत्साहनाने १८२२ साली शाळा व शालेय पुस्तके यांसाठी एक मंडळी स्थापन झाली होती. तिचेच नाव १८२७ पासून बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी असे झाले. या मंडळीचे नेटिव्ह सेक्रेटरी होते सदाशिव काशीनाथ उर्फ बापू छत्रे. ‘बाळमित्र’ आणि इसापच्या नीतिकथा मराठीत आणणारे हे गृहस्थ अर्वाचीन मराठी गद्याच्या आद्य शिल्पकारांपैकी एक. बाळशास्त्रींना त्यांचाच आश्रय आणि मार्गदर्शन लाभले. सोसायटीच्या शाळेत त्यांनी इंग्रजी आणि गणित यांत असाधारण गती दाखविली. संस्कृत व मराठी घरचीच होती. गुजराती, बंगाली, फारसी आदी भाषांचा परिचय त्यांनी पुढे स्वप्रयत्नाने करून घेतला. इतक्या भाषा शिकण्यामागे केवळ पांडित्याची हौस नव्हती. हिंदुस्थानच्या इतर प्रांतांत काय लिहिले व छापले जात आहे हे जाणून घेण्याची निकड त्यामागे होती. बंगालमध्ये राममोहन रॉय यांची ‘संवाद कौमुदी’ १८२१ साली निघाली होती. मुंबईतच फर्दुनजी मर्झबान यांनी १८२२ साली गुजराती ‘मुंबई समाचार’ सुरू केला होता. मराठीत मात्र तसे काहीच नव्हते.

१८३० साली बाळशास्त्री सोसायटीचे डेप्युटी नेटिव्ह सेक्रेटरी झाले आणि १८३२ साली नेटिव्ह सेक्रेटरी. त्या वेळी त्यांचे वय वीस वर्षांचे होते. या पदाचे महत्त्व आज चटकन ध्यानात येत नाही. ज्या काळी मराठीत शाळेसाठी छापील पुस्तकेच नव्हती त्या काळी कोणते पुस्तक आधी हवे, ते कोणी लिहावे, भाषांतरात पारिभाषिक शब्द कोणते योजावेत, प्रत कोणी तपासावी, ते कोठे छापावे, कोकणातल्या आणि देशावरच्या शाळांपर्यंत ते कसे पोहोचवावे, असे शेकडो प्रश्न सोडवावे लागत. इंग्रज अधिकाऱ्यांना एतद्देशीय समाजाची नस कळत नसे आणि एतद्देशीय शास्त्री-पंडितांना नव्या शिक्षणाचा हेतू उमगत नसे. नेटिव्ह सेक्रेटरीला या दोहोंच्या मध्ये उभे राहून दोघांनाही एकमेकांचे म्हणणे समजावून द्यावे लागे. संस्थेचा पत्रव्यवहार, पुस्तकांची निर्मिती, शाळांची व्यवस्था या कामांत नाव होत नाही. पण ती कोणी तरी चोख केल्याखेरीज विद्येचे गाडे पुढे सरकत नाही. बाळशास्त्रींच्या प्रतिभेचा मोठा अंश या निनावी कामात खर्च झाला.

याच वर्षारंभी, शुक्रवार दिनांक ६ जानेवारी १८३२ रोजी, ‘दर्पण’चा पहिला अंक प्रसिद्ध झाला. आरंभी हे पत्र पाक्षिक होते. ४ मे १८३२ पासून ते साप्ताहिक झाले. त्याच्या प्रत्येक पृष्ठावर दोन स्तंभ असत, एक इंग्रजीचा व दुसरा मराठीचा. ही रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. इंग्रजी स्तंभ राज्यकर्त्यांनी वाचावा आणि त्यांना या देशातील लोकांचे मनोगत कळावे; मराठी स्तंभ लोकांनी वाचावा आणि त्यांना जगातील विद्या, राज्यव्यवस्था व घडामोडी यांचे ज्ञान व्हावे, अशी ही योजना होती. नेटिव्ह सेक्रेटरी म्हणून कचेरीत जे दुभाषाचे काम बाळशास्त्री करीत, तेच ‘दर्पण’च्या रूपाने ते सार्वजनिक रीतीने करू लागले. शिवाय इंग्रजी शिकू पाहणाऱ्या तरुणाला एकच मजकूर शेजारी-शेजारी दोन भाषांत वाचावयास मिळे, म्हणजे वृत्तपत्र हीच एक शाळा झाली. पाश्चात्त्य शास्त्रे, भूगोल, इतिहास, शासनाचे नियम यांबरोबरच विधवाविवाहासारख्या नाजूक सामाजिक प्रश्नाचीही त्यात चर्चा झाली. भाषा संयत, युक्तिवाद शांत, आणि विरुद्ध पक्षाचे म्हणणे ऐकून घेण्याची तयारी, हा ‘दर्पण’चा स्वभाव होता.

या पत्राच्या कामात गोविंद विठ्ठल कुंटे उर्फ भाऊ महाजन यांचे त्यांना साहाय्य होते. पुढे १८४१ साली भाऊंनी केवळ मराठीतून ‘प्रभाकर’ हे साप्ताहिक काढले, आणि त्याच ‘प्रभाकर’मधून १८४८ पासून लोकहितवादींची शतपत्रे प्रसिद्ध होऊ लागली. ‘दर्पण’ स्वतः १८४० च्या मध्यास बंद पडला. साडेआठ वर्षांच्या आयुष्यात त्याचा वाचकवर्ग मर्यादितच राहिला. मुळात वाचता येणारेच थोडे, त्यात पैसे मोजून वर्तमानपत्र घेणारे त्याहून थोडे. अशा काळात दर आठवड्याला अंक काढीत राहणे ही केवळ निष्ठेची गोष्ट होती. त्याच वर्षी बाळशास्त्रींनी ‘दिग्दर्शन’ हे मराठीतील पहिले मासिक सुरू केले. ‘दर्पण’चा भर वार्ता आणि विचार यांवर होता, ‘दिग्दर्शन’चा भर ज्ञानावर. पदार्थविज्ञान, रसायन, भूगोल, इतिहास असे विषय त्यात आकृत्या व नकाशे देऊन समजावून सांगितले जात. तोवर मराठी गद्याला बखरींची, पत्रव्यवहाराची आणि कथांची सवय होती. वायूचे गुणधर्म वा पृथ्वीची गती सांगण्याचे वळण तिला अजून लागावयाचे होते. ते लावण्याचे कष्टाचे काम या मासिकाने केले.

१८३४ साली एल्फिन्स्टन कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर म्हणून त्यांची नेमणूक झाली. हा मान मिळविणारे ते पहिले एतद्देशीय अध्यापक. एल्फिन्स्टन १८२७ साली गव्हर्नरपद सोडून स्वदेशी गेले, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ लोकांनी जमविलेल्या निधीतून हे प्राध्यापकवर्ग निर्माण झाले होते. इंग्लंडहून आलेले ऑर्लेबार आणि हार्कनेस हे तेथील मुख्य प्राध्यापक. ऑर्लेबार यांच्या हाताखाली बाळशास्त्री गणित व ज्योतिष शिकवीत. दादाभाई नौरोजी, डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे पुढे देशभर गाजलेले पुरुष त्यांच्या विद्यार्थ्यांत गणले जातात. दादाभाई १८५५ साली त्याच संस्थेत गणिताचे पूर्ण प्राध्यापक झाले. एतद्देशीय माणूस उच्च गणित शिकवू शकतो हे बाळशास्त्रींनी आधी सिद्ध करून ठेवले नसते तर ती वाट इतकी सुकर झाली असती असे वाटत नाही. काही काळ कुलाब्याच्या वेधशाळेचे कामही त्यांच्याकडे सोपविले गेले होते. १८४० साली सरकारने त्यांना जस्टिस ऑफ द पीस नेमले. अक्कलकोटच्या अल्पवयीन राजपुत्राचे शिक्षक म्हणूनही त्यांनी काम पाहिले होते.

येथे एक विसंगती लक्षात घेतली पाहिजे. कॉलेजातील अध्यापन इंग्रजीतून चाले. १८३५ साली कलकत्त्यात मेकॉले यांचे शिक्षणविषयक टिपण सादर झाल्यावर इंग्रजीचे पारडे सर्वत्रच जड होऊ लागले. मुंबई इलाख्यात देशी भाषांची बाजू मांडणारे जर्व्हिस आणि जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारखे लोक होते, तरी येथेही १८४० नंतर शिक्षणमंडळात माध्यमाचा वाद पेटला. बाळशास्त्रींचे इंग्रजीवरील प्रभुत्व इतके होते की त्यांनी केवळ त्या भाषेत लिहिले असते तर त्यांची कीर्ती आणि कदाचित प्राप्तीही अधिक झाली असती. परंतु दिवसा इंग्रजीत शिकवावे आणि रात्री तेच ज्ञान मराठीत लिहावे असा त्यांचा क्रम राहिला. त्यांच्या ग्रंथांची नावे पाहिली तरी हे ध्यानात येते : ‘नीतिकथा’, ‘सारसंग्रह’, ‘इंग्लंड देशाची बखर’, ‘भूगोलविद्या’, ‘बालव्याकरण’, ‘हिंदुस्थानचा इतिहास’, आणि चलनकलनासारख्या अवघड विषयावरील ‘शून्यलब्धि’. यांतील ‘शून्यलब्धि’ तर विशेष नवलाची गोष्ट. ज्या भाषेत प्राथमिक अंकगणिताची पुस्तके नुकती कोठे तयार होत होती, त्या भाषेत उच्च गणित लिहिण्याचे धाडस त्यांनी केले. त्यांचे सर्वच पारिभाषिक शब्द टिकले नाहीत; पण ते विषय मराठीत मांडता येतात हे सिद्ध झाले.

नवे ज्ञान आणणाऱ्या या माणसाने जुने टाकून दिले नाही. १८४५ साली त्यांनी ज्ञानेश्वरी पाठभेदांसह संपादित करून शिळाप्रेसवर छापून प्रसिद्ध केली. मुद्रित स्वरूपातील ही पहिली ज्ञानेश्वरी. तोवर हा ग्रंथ हस्तलिखित पोथ्यांतून नांदत होता आणि तो मिळविणे सामान्य भाविकाच्या आवाक्याबाहेरचे होते. प्राचीन शिलालेख व ताम्रपट वाचण्याची विद्याही त्यांनी हस्तगत केली. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात शोधनिबंध लिहिणारे ते पहिले भारतीय होत. ‘शून्यलब्धि’ आणि ज्ञानेश्वरी, वेधशाळा आणि ताम्रपट यांचा एकाच आयुष्यात झालेला हा संगम विलक्षण आहे. दोहोंमागील प्रेरणा मात्र एकच होती : जे थोड्यांच्या हाती आहे ते अनेकांच्या हाती जावे.

त्यांच्या चारित्र्याची खरी कसोटी १८४३ साली लागली. नारायण शेषाद्री परुळेकर या तरुणाने मिशनरींच्या सहवासात ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा लहान भाऊ श्रीपत हा अल्पवयीन मुलगा त्याच्याजवळ जाऊन राहिला. पित्याने न्यायालयात धाव घेतली आणि न्यायालयाने मुलाला पित्याच्या स्वाधीन केले. पण तेवढ्याने प्रश्न सुटला नाही. मिशनरींच्या घरी राहून जेवलेल्या मुलाला जातीत परत घ्यावयाचे की नाही, यावरून मुंबईच्या ब्राह्मणसमाजात मोठा वाद उसळला. प्रायश्चित्त देऊन त्याला शुद्ध करून घ्यावे, अशी भूमिका बाळशास्त्रींनी घेतली आणि ती शास्त्राधारे मांडली. सनातनी पक्ष खवळला. समाजाच्या रोषाला त्यांना तोंड द्यावे लागले. परंतु ते डगमगले नाहीत. मुलाच्या शुद्धीची व्यवस्था त्यांनी करविली. या प्रकरणाकडे आज आपण धर्मांच्या झगड्याच्या दृष्टीने पाहण्याचे कारण नाही. नारायण शेषाद्री यांनी आपला मार्ग निवडला होता, आणि पुढे जालन्याजवळ बेथेल नावाचे गाव वसवून त्यांनी गोरगरिबांत मोठे कार्य केले. प्रश्न होता तो घरी परतलेल्या एका अजाण मुलाचा. त्याला दार बंद करणारा समाज क्रूर ठरतो, एवढेच बाळशास्त्रींना सांगावयाचे होते. वृत्तपत्रातून सुधारणेचा उपदेश करणे एक, आणि आपल्याच ज्ञातीत, आपल्याच शेजाऱ्यांसमोर त्या उपदेशाची किंमत मोजणे वेगळे. ती किंमत त्यांनी मोजली.

आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यात त्यांच्याकडे शाळांच्या तपासणीचे आणि एल्फिन्स्टन संस्थेतील अध्यापकवर्गाचे काम आले. १८४५ साली सुरू झालेल्या या वर्गात भावी शिक्षक घडविले जात. बाळशास्त्रींच्या साऱ्या उद्योगाचा हा स्वाभाविक कळस म्हटला पाहिजे. एका अध्यापकाने एक वर्ग शिकविला तर त्याचा लाभ त्या वर्गापुरता. त्याने पुस्तक लिहिले तर तो लाभ अनेक वर्गांना होतो. पण ते पुस्तक गावोगाव नीट शिकविणारे हात नसतील तर तेही कपाटात पडून राहते. शाळा तपासणाऱ्या बाळशास्त्रींना ही उणीव रोज दिसत असली पाहिजे. म्हणून चांगले शिक्षक तयार करणे हे त्यांना सर्वांत महत्त्वाचे वाटले असावे. दुर्दैवाने या कामाला त्यांना पुरते दीड वर्षही लाभले नाही. मे १८४६ मध्ये, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला.

त्यांच्या एका कार्याचा उल्लेख या ग्रंथात अवश्य झाला पाहिजे. मुंबईत बॉम्बे नेटिव्ह जनरल लायब्ररीच्या स्थापनेत बाळशास्त्रींचा पुढाकार होता. त्या काळी मुंबईत मोठे ग्रंथसंग्रह नव्हते असे नाही. परंतु त्यांचे दरवाजे एतद्देशीय वाचकाला सहज उघडे नसत. आपल्या लोकांनी, आपल्या वर्गणीतून, आपल्यासाठी ग्रंथालय उभे करावे ही कल्पना तेव्हा नवी होती. त्यांनी स्थापन केलेल्या नेटिव्ह इम्प्रूव्हमेंट सोसायटीतही तरुणांनी एकत्र जमून निबंध वाचावेत, चर्चा करावी हाच हेतू होता. त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १८४८ साली, एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापन केली. दादोबा पांडुरंगांच्या अध्यक्षतेखाली तिच्या मराठी शाखेचे, म्हणजे ज्ञानप्रसारक सभेचे, काम चालले आणि १८४९ मध्ये या मंडळींनी मुलींच्या शाळाही काढल्या. बाळशास्त्रींनी पेरलेले हे बीज होते.

बाळशास्त्रींच्या कार्याला मर्यादा होत्या हे नाकारता येत नाही. त्यांचा वाचक आणि विद्यार्थी बहुतांशी पांढरपेशा वर्गातील होता. बहुजनसमाजापर्यंत आणि स्त्रियांपर्यंत विद्येची गंगा नेण्याचे भगीरथकार्य त्यांच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी आरंभिले. ब्रिटिश राज्यकर्त्यांच्या सद्‌हेतूवर बाळशास्त्रींचा विश्वासही त्यांच्या पिढीला साजेसाच होता. त्या विश्वासाचा हिशेब मांडून पाहण्याचे काम त्यांच्या विद्यार्थ्याने, दादाभाईंनी केले, आणि तेही बाळशास्त्रींचा विषय असलेल्या गणिताच्या साहाय्याने! गुरूने दिलेले साधन शिष्याने गुरूच्या पलीकडे जाण्यासाठी वापरावे, यापरते अध्यापनाचे दुसरे साफल्य कोणते?

महाराष्ट्राच्या राजकीय सीमेबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपणा मराठी भाषिकांना या चरित्रात एक जवळीक वाटावी. शाळा, कचेरी आणि बाजार यांची भाषा येथे वेगळी असते. मराठी ही घरातली आणि वाचनालयातली भाषा असते. दिवसा एका भाषेत व्यवहार करावा आणि संध्याकाळी दुसरीत आपले मन रमवावे, हा आपला नित्यक्रम आहे. बाळशास्त्रींच्या ‘दर्पणा’तील दोन स्तंभ आपण एका अर्थी रोज जगत असतो. त्यांनी त्या दोन स्तंभांत वैर मानले नाही आणि मराठीचा स्तंभ कोरा राहू दिला नाही. या वाचनालयाच्या पुस्तकांच्या नोंदवह्या ठेवणारे, वर्गणी गोळा करण्यासाठी दारोदार हिंडणारे, फाटलेल्या प्रती बांधून घेणारे कार्यकर्ते गेली शंभर वर्षे तेच काम करीत आले आहेत. त्यांतील अनेकांची नावे आज कोणालाही ठाऊक नाहीत. अशा निनावी कामाची थोरवी बाळशास्त्री जाणत होते, कारण त्यांनी ते स्वतः केले होते. नव्या शतकात पाऊल टाकताना या वाचनालयाच्या दारातून मराठी पुस्तक घेण्यासाठी आत येणारे एक मूलही विन्मुख परतू नये, एवढे आपण पाहिले तरी या आद्य आचार्यांचे ऋण काही अंशी फेडल्यासारखे होईल.